चाक रुतलं की आधी खाली उतरा

वाचकांचे प्रश्न, एका माजी सैनिकी वाहनचालकाची उत्तरं

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे. डिसेंबरअखेर स्वतःच्या गाडीने मनालीला जायचं ठरतंय. मी, यजमान, सासूबाई आणि मुलगा. गाडी साधी पेट्रोलची, छोटी. बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. सासूबाई म्हणतात, मिठाची पिशवी बरोबर घ्या, टाकलं की बर्फ वितळेल. गाडी अडकलीच तर नेमकं काय करायचं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, मिठाने बर्फ वितळतो. थंड देशांत रस्त्यांवर टनांनी मीठ टाकतात ते त्यासाठीच. पण पारा शून्याखाली आठ-दहा अंशांवर गेला की मिठाचं काम फार मंद होतं आणि उणे २१ च्या खाली होतच नाही. रस्त्यात अडकलेल्या माणसाला वाट बघत बसायला वेळ नसतो, त्याला चाकाखाली लगेच पकड हवी असते. ती खडबडीत वस्तूने मिळते, म्हणजे बारीक खडी, भरड वाळू, कोरडी माती. तेव्हा मीठ स्वयंपाकाला राहू द्या आणि डिकीत पाच-सहा किलो भरड वाळू घ्या. सोबत एक लहान फावडं, जाड हातमोजे आणि दोन गोणपाटं.

आता गाडी अडकते कशी ते समजून घ्या, म्हणजे सोडवणं सोपं जाईल. चाक जागच्या जागी फिरलं की टायरच्या घर्षणाने खालच्या बर्फाचा पातळ थर वितळतो आणि लगेच पुन्हा गोठतो. म्हणजे आपणच आपल्या चाकाखाली काच तयार करतो. जितका एक्सलेटर दाबाल तितकी ती गुळगुळीत होत जाते. दुसरी गोष्ट, चाक फिरताना खड्डा पडतो, गाडी खाली बसते आणि तिचं पोट बर्फावर टेकतं. पोट टेकलं की गाडीचं वजन चाकांवर राहत नाही, आणि वजन नसलेल्या चाकाला पकड कसली? म्हणून चाक एकदा जरी मोकळं फिरलेलं जाणवलं तरी पाय वर घ्या. गाडी बंद करा. उतरा. वाका आणि खाली बघा.

खाली बघितलं की काम दिसतं. पोटाखालचा बर्फ ओढून काढा, मग चारही चाकांच्या पुढचा आणि मागचा. ज्या दिशेला बाहेर पडायचं तिकडे हातभर उतार करा. स्टिअरिंग सरळ ठेवा, कारण वळवलेलं चाक बर्फाची भिंत ढकलत बसतं. इंजिनाची ओढ ज्या चाकांना आहे त्यांच्यासमोर वाळू टाका. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढच्या चाकांना असते. बोलेरो किंवा ईकोसारख्या गाडीत मागच्या. हे घर सोडण्यापूर्वी विचारून घ्या, कारण बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर बांधायच्या साखळ्याही त्याच चाकांना लावायच्या असतात, आणि मागच्या चाकांना साखळ्या बांधून पुढच्या चाकांची गाडी चढवू बघणारे लोक मी पाहिले आहेत.

मग दुसरा गिअर टाका. पहिल्या गिअरमध्ये चाकाला ताकद जास्त मिळते आणि ते लगेच घसरतं. क्लच अगदी हळू सोडा. थोडी पुढे, थोडी मागे, अशी गाडी झुलवा. प्रत्येक वेळी वीतभर जास्त गेली तरी पुष्कळ झालं. गाडीत चाकाची घसरण रोखणारी यंत्रणा असेल तर ती अशा वेळी इंजिनाची ताकद कापते. तिचं बटण असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा आणि बाहेर पडल्यावर आठवणीने चालू करा. चाकाखाली पायपुसणी किंवा गोणपाट घातलंत तर मागे कुणाला उभं राहू देऊ नका, ते गोळीसारखं बाहेर फेकलं जातं. गरम पाणी कुठेही ओतू नका. चाकाखाली ओतलं तर त्याचाच बर्फ होईल, काचेवर ओतलं तर काच तडकेल.

साखळ्या घरच्या अंगणात एकदा बांधून बघा. बोटं बधिर झाल्यावर वाऱ्यात त्या उलगडत बसणं फार कठीण जातं. बांधल्यावर तीस-चाळीसच्या पुढे वेग नको, आणि डांबर दिसलं की काढा. हिमवृष्टी झाली की मनालीच्या पुढे पोलिस फोर-बाय-फोर (चारही चाकांना ओढ असलेल्या) किंवा साखळ्यांच्या गाड्याच सोडतात. ते अडवतील तिथे वाद घालू नका. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगद्याच्या टप्प्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि रोहतांगची चढाई टळली, पण बोगद्याची तोंडंच दहा हजार फुटांवर आहेत. आत बर्फ नाही म्हणून बाहेर नसेल, असं होत नाही.

आणखी एक, आपल्याकडे फार दिसतं म्हणून सांगतो. रेडिएटरमध्ये आपण सर्रास विहिरीचं पाणी भरतो. कोकणात चालतं, तिथे ते पाणी रात्रीत गोठेल, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगेल आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक फोडेल. निघण्यापूर्वी जुनं पाणी काढून कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरून घ्या. तिथे रात्री गाडी गिअरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. वायपर काचेवरून उचलून ठेवा. यजमानांच्या ओळखीचं कुणी डिझेल गाडी घेऊन येणार असेल तर त्यांना सांगा, इथून भरलेल्या डिझेलवर तिथल्या रात्री काढू नका. साधं डिझेल थंडीत घट्ट होतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याच अडचणीवर.

शेवटचं, आणि हे सासूबाईंसकट सगळ्यांना वाचून दाखवा. गाडी निघालीच नाही आणि हिमवृष्टी चालू असेल, तर गाडी सोडून चालत निघू नका. ११२ ला फोन लावा आणि आत बसा. पण हीटरसाठी इंजिन चालू करण्याआधी, दर वेळी, उतरून सायलेन्सरची नळी मोकळी करा. ती बर्फाने बुजली की धूर गाडीखालून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस थंडीने पेंगतोय असं बाकीच्यांना वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमधून वीसहून जास्त माणसं गेली. काही थंडीने गेली, काही या वायूने. पूर्ण कुटुंबं होती त्यांत. तासातून दहा मिनिटं इंजिन पुरे, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी, आणि एकाने जागं राहायचं. पाळीपाळीने.

प्रश्न : फोर-बाय-फोर घेतली तर गाडी रुतण्याची भीती उरत नाही ना?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : उरते. चारही चाकांना ओढ मिळाल्याने गाडी निघताना आणि चढताना फायदा होतो. थांबताना काहीच नाही, ब्रेक सगळ्या गाड्यांना चारही चाकांना असतात. आणि अशी गाडी रुतते ती जास्त आत जाऊन रुतते, जिथे मदतीची गाडी पोचत नाही.

प्रश्न : काका, मी दापोली तालुक्यातला, वय २२. आमचा ट्रॅक्टर आहे. शनिवार-रविवारी पुळणीवर पर्यटकांच्या गाड्या रुततात आणि मला फोन येतो. मागच्या महिन्यात दोर तुटून माझ्या कानाजवळून गेला. एकदा समोरच्याचा बंपरच हातात आला आणि भांडण झालं. नीट पद्धत सांगा. आणि पैसे किती घ्यावेत?
— तुमचा एक वाचक

उत्तर : बाळा, कानाजवळून गेलेला दोर डोक्यात बसला असता तर हे पत्र तू लिहिलं नसतंस. म्हणून आधी दोराचं.

होडीचा जुना नायलॉन दोर वापरायचा नाही. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने तो आतून मेलेला असतो, वरून कितीही जाड दिसो. टोचनासाठी वेगळा पट्टा घे, त्यावर किती टनांचा आहे ते लिहिलेलं असतं. ते वजन रुतलेल्या गाडीच्या वजनाच्या दुपटीहून कमी नको, कारण वाळूत बसलेली गाडी ओढायला रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. दोर ताणला की त्याच्या मध्यावर ओलं गोणपाट टाक. तुटला तर ते त्याला खाली पाडतं. दोराची जेवढी लांबी असेल त्याच्या दीडपट अंतरात माणूस नको, पोर नको, मोबाईल धरून चित्रीकरण करणारा तर मुळीच नको. ताणलेला दोर कुणी ओलांडायचा नाही. आणि इशारा एकानेच द्यायचा. दहा जण ‘घे घे’, ‘थांब थांब’ ओरडायला लागले की अपघात ठरलेला.

बांधायचं कुठे? बंपरला नाही, हे तुला कळलंच आहे. चाकाच्या दांड्यांनाही नाही. आजकालच्या गाड्यांत स्टेपनीच्या कप्प्यात पान्याशेजारी एक लोखंडी कडी असते. बंपरवर चौकोनी किंवा गोल झाकण असतं, ते उघडून कडी आत पूर्ण आवळायची. दोन-तीन आटे बाहेर राहिले तर ती वाकते किंवा सुटून येते. गाडीमालकाला ती कुठे असते हेच बहुधा माहीत नसतं, तू शोधून दे. ट्रेलर ओढायचा गोल गोळा मागे बसवलेला असेल तर त्याला कधीही दोर अडकवायचा नाही. तो तुटला की तोफेचा गोळा होतो.

तुझ्या बाजूने, दोर ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या लोखंडी पट्टीलाच लाव. हे मी दोनदा सांगतो. खालच्या ड्रॉबारलाच. मागच्या आसाच्या वर कुठेही बांधलास आणि समोरची गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो मागे चालकावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

पण या सगळ्याच्या आधी घड्याळ. फोन आला की पहिला प्रश्न ‘गाडी कुठली’ हा नको, ‘भरती कधी’ हा हवा. आपल्या म्हाताऱ्यांचा हिशोब तुला ठाऊक असेल, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यातून साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी. ढोबळ हिशोब आहे, नेमक्या वेळा छापील कोष्टकात बघायच्या, पण रात्री फोन वाजल्यावर तोंडी एवढं पुरतं. आता बघ, पौर्णिमेला संध्याकाळी सहाला पूर्ण सुकती असते. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी किनारा सगळ्यात रुंद दिसतो, ओली वाळू फरशीसारखी घट्ट लागते आणि पाहुणे गाडी थेट पाण्यापर्यंत नेतात. अंधार पडतो, पाणी वळतं, आणि ती उधाणाची भरती असते. पहिल्या तासात पाणी रेंगाळतं, म्हणून लोक हसत असतात. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी भरती चढते. तुझ्याकडे खरा वेळ पहिल्या दोन तासांचा असतो. आणि लाट चाकापर्यंत आली की प्रत्येक लाट टायरखालची वाळू काढून नेते. गाडी नुसती उभी असली तरी बसत जाते.

पाणी गुडघ्याला आलं असेल तर गाडी सोडायची. माणसं, मुलं, कागदपत्रं बाहेर काढायची आणि सांगायचं की उद्या ओहोटीला बघू. मालक हातापाया पडेल, तरी ट्रॅक्टर पाण्यात घालू नकोस.

वेळ हाताशी असेल तर निम्म्या गाड्या ओढाव्याच लागत नाहीत. टायरमधली हवा १६-१८ पीएसआयपर्यंत उतरव. टायर पसरतो, लांबट होतो, वाळूवर तरंगतो. पंधराच्या खाली नको, टायर रिमवरून उतरतो. माणसं खाली, सामान खाली. पोटाखालची वाळू खोऱ्याने ओढ. चाकांसमोर उतार काढून त्यावर झाप अंथर. विणलेला झाप, सुटी झावळी नव्हे, ती चाकात गुंडाळते. काथ्याची जाड चटई मिळाली तर सगळ्यात उत्तम. आणि शक्यतो आली त्याच चाकोऱ्यांवरून गाडी मागे काढ. ती वाळू एकदा दबलेली असते. एवढ्याने न निघाली तरच टोचन. ओढताना धक्का द्यायचा नाही. दोर आधी ताणून घ्यायचा आणि सरळ रेषेत, सावकाश ओढायचं. आतल्या चालकाने इंजिन चालू ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हलकी साथ द्यायची. इंजिन बंद असलं तर ब्रेक दगडासारखा होतो, हे त्याला आधी सांग, नाहीतर गाडी सुटताच तो तुझ्या ट्रॅक्टरवर येईल. डांबरावर जाण्यापूर्वी हवा भरायला लाव.

पैशांचं. डिझेल, पट्ट्याची झीज, तुझा आणि सोबत्याचा वेळ, यांचा एक दर ठरव आणि दोर बांधायच्या आधी तो तोंडावर सांग. तो दर दुपारी जो असेल तोच रात्री. पाणी चढतंय म्हणून भाव चढवायचा, हे मला मान्य नाही. आईबाप मुलांना कडेवर घेऊन काठावर उभे असताना त्यांच्याशी घासाघीस करणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर असू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्याच वेळी फुकटही करू नकोस, तुझा जीव आणि ट्रॅक्टर दोन्ही कामाला लागतात.

प्रश्न : किनाऱ्यावर गाड्या न्यायला बंदी आहे, पाट्या लावल्या आहेत. तरी लोक नेतात, कासवांची घरटी तुडवतात, आणि मग रुतले की आम्ही गावकऱ्यांनी धावायचं? मी शिक्षिका आहे, मुलांना काय सांगू?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : बाई, तुमचा राग रास्त आहे आणि मला तो तुमच्याइतकाच येतो. ऑलिव्ह रिडले मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, हातभर खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते. गाड्या उतरतात आणि रुततात तो पट्टा नेमका तोच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज आंजर्ले, केळशी, गुहागरपर्यंत गावागावांत माणसं पहाटे फिरून अंडी संरक्षित जागी हलवतात. त्यांच्या नजरेतून एखादं घरटं सुटतंच. त्यावरून टनभराची गाडी गेली की काय होतं ते मुलांना सांगायची गरज नाही.

तरी मदत करायचीच. गाडीत माणूस आहे आणि पाणी येतंय, एवढं पुरेसं आहे. काश्मीरमधून लडाखला जाणाऱ्या झोजीला खिंडीच्या रस्त्यावर बर्फात कुणाची गाडी अडकली तर मागून येणारा प्रत्येक जण फावडं घेऊन उतरायचा. तो तिथे का आला, त्याने सूचना ऐकली होती का, हे कुणी विचारत नसे. ते पुढच्या चौकीवर विचारलं जायचं, आणि चांगलं खडसावून विचारलं जायचं. आपणही तसंच करावं. आधी बाहेर काढावं, मग पोलिसांना कळवावं. गुन्हा नोंदवू द्यावा. त्यात मला काही वाईट वाटत नाही.

आणि मुलांना एक काम द्या. गाडी निघून गेली की तिच्या चाकोऱ्या आणि खणलेले खड्डे बुजवायचे. घरट्यातून निघालेली पिल्लं तळहातापेक्षा लहान असतात. ती त्या चरात पडली की वर चढू शकत नाहीत, समुद्राऐवजी चरातूनच धावत राहतात आणि कावळे-कुत्रे त्यांना तिथेच गाठतात. दाताळं किंवा फळी ओढली तरी दहा मिनिटांत चर सपाट होतो. गाडी ओढणाऱ्यांनीही हे कामाचाच भाग समजावं. वर पत्र लिहिणाऱ्या मुला, हे तुझ्यासाठी पण आहे. जाने-फेब्रुवारीत गाडी ओढण्यापूर्वी गावातल्या कासवमित्राला एक फोन कर, घरटं कुठे आहे ते विचार आणि वाट त्या बाजूने काढू नकोस.

प्रश्न : आमची गाडी अलिबागजवळ लाटेत अर्धी भिजली, ओढून काढली, चालूही झाली. आता काही करायला हवं का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : आजच्या आज. ‘चालू झाली’ यावर जाऊ नका, खारं पाणी सावकाश खातं. गोड्या पाण्याने गाडी खालून धुवून घ्या, चाकांच्या आतल्या बाजू, ब्रेक, सायलेन्सर, स्प्रिंगा, सगळं. साध्या नळाने नाही होत, रॅम्पवर चढवून जोराच्या पाण्याने धुवायला सांगा, आणि दोन दिवसांनी पुन्हा. पाणी दरवाज्याच्या उंबऱ्यावर चढलं असेल तर बॅटरीची तार काढा आणि गालिचे उचलून बघा, खालून जाणाऱ्या तारांच्या जोडण्या तिथे असतात. इंजिन ऑइलची काठी ओढून पाहा, गिअर ऑइलही तपासून घ्या. तेल दुधाळ दिसलं तर गाडी पुन्हा सुरू करू नका, टोचन लावून गॅरेजला न्या. तेल स्वच्छ असेल तर चाकांची बेअरिंगं आणि ब्रेक एकदा खोलून बघायला सांगा, मेकॅनिक ‘गरज नाही’ म्हणाला तरी.